ज्याच्या घरी किट

जीन इलेव्हनचा कप्तान कधी निवडून आला नाही. मंगरूळपीरमध्ये पुष्कळ गोष्टींसाठी मतदान होतं, कप्तानासाठी होत नाही. टीमची किट ज्याच्या घरी, तो कप्तान. एवढाच नियम. तो कोणी केला हे कोणाला ठाऊक नाही, आणि मोडावा असंही कोणाला वाटलं नाही.

किट म्हणजे खाकी कॅनव्हासची एक लांबोडकी बॅग. पॅडचे जोड, दोन बॅटी, कीपरचे ग्लोव्हज, स्टंप आणि पापुद्रे निघालेले सीझन बॉल. गावाबाहेर कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याचं, जीनचं, मोकळं मैदान आहे. तिथे खेळते म्हणून टीमचं नाव जीन इलेव्हन. अर्धी पोरं मोहल्ल्यातली, अर्धी माळीपुऱ्यातली, दोघं-तिघं मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून येणारी. पूर्वी किट गुलाबसिंग कंपाउंडरकडे असायची. त्याची पाठ धरली, तशी एका सकाळी त्याने ती सायकलच्या कॅरिअरवर आडवी बांधली, रहमतुल्लाच्या गादी-रजईच्या दुकानासमोर उतरवली आणि चहालाही न थांबता निघून गेला. रहमतुल्लाचा थोरला मुलगा खालिद तेव्हा आत कापूस पिंजत होता. भुवया, पापण्या सगळं पांढरं झालेलं. बाहेर येऊन पाहतो तर तो कप्तान झालेला.

तेव्हा तो पंचविशीत होता. आता त्याच्या भुवया मशीन बंद असतानाही थोड्या पांढऱ्या दिसतात.

इतकी वर्षं किट दुकानामागच्या खोलीत राहिली. तिची राखण खालिदच्या आईकडे, अमीनाबीकडे. ती बॅग उन्हात टाकायची, ग्लोव्हजमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवायची, ओले पॅड कोणी तसेच कोंबले तर त्या पोराचा उद्धार करायची. अमीनाबीला क्रिकेट कळत नव्हतं. किट कळत होती. लग्नाकार्यात बायका भेटल्या की ती सहज सांगायची, "कप्तानी आमच्याच घरी हाय नं बाई." रहमतुल्लाचाचांनी मुलाचा एकही सामना पाहिला नाही. पण पॅड फाटले की न सांगता त्यात नवी रुई भरून टाके मारून ठेवायचे.

गजेंद्र या टीमचा कीपर. आसेगाव रस्त्यावर त्याच्या वडिलांचा, बापूरावांचा, भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. गजेंद्र अमरावतीहून मराठीत एम.ए. होऊन आला आणि मळ्यात लागला. नोकरीची वाट घरचे पाहत होते, तो पाहत नव्हता. कीपरच्या शेजारी पहिल्या स्लिपला खालिद उभा राहायचा. दोघांच्या वयात सोळा वर्षांचं अंतर. पण दिवसभर हाताच्या अंतरावर उभं राहिलं की माणसं मित्र होतात. प्रत्येक षटकानंतर खालिद तोंड न वळवता विचारायचा, "काय वाट्टे, गजू?" गजेंद्र काहीतरी सांगायचा. कधी खालिद तसं करायचा, कधी करायचा नाही.

खेळाडू म्हणून खालिद साधारण होता. बॅटिंगला सातवा. मोठा फटका त्याच्याकडे नव्हता. त्याच्याकडे पोरं होती. कोण उपाशी आलाय, कोणाचं घरी भांडण झालंय, हे त्याला टॉसच्या आधी कळायचं. त्याने मैदानावर कोणाला शिवी दिल्याचं कोणी ऐकलं नाही. कारंजाच्या सामन्यात तांड्यावरच्या किशनने हातातला झेल सोडला. कव्हरवर खालिदचा धाकटा भाऊ एजाज उभा होता. तो ओरडला, "हात हायेत का खुरपे बे?" सगळं मैदान हसलं आणि किशन रडू लागला. पुढचं षटक खालिदने किशनलाच दिलं. किशनला गोलंदाजी येत नव्हती. त्याला चांगलाच मार पडला, पण षटक संपेपर्यंत त्याचं रडं थांबलं होतं. तरी पुढच्या रविवारी किशन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी खालिद एक रजई पोचवायची आहे म्हणून मानोऱ्याला गेला आणि परतताना गाडीच्या मागच्या सीटवर किशन होता. हे खालिदने एकट्या गजेंद्रला सांगितलं. तेही खूप नंतर.

एक गोष्ट मात्र त्याला जमत नव्हती. कडू बोलणं. कोणाला टीममधून वगळायचं असलं की तो त्या पोराजवळ जायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आज स्कोर तू लिही. तुह्यं अक्षर चांगलं हाय." पोरगं वही घेऊन झाडाखाली बसायचं. होता होता टीममध्ये ती शिवीच झाली. कोणी शून्यावर आउट होऊन आला की बाकीचे म्हणायचे, "ये बाप्पा, तुह्यं अक्षर चांगलं हाय." घरीही तेच. त्याची बायको फरहाभाभी हसून सांगायची, "मले माहेरी धाडाचं असलं तं हे एसटीचा टाइम सांगतात."

आणि एजाज. टीमचा सगळ्यात चांगला बॅट्समन. नुसता चांगला नाही. वाशीम, कारंजा, मानोरा कुठेही उतरला की लोक भिंतीवर चढून बसत. त्याचा फटका पाहताना गजेंद्र स्टंपमागे नसतानाही वाकून बसायचा.

दिवाळीच्या जरा आधी धनजचा सामना झाला. परतताना स्टँडजवळच्या हॉटेलात सगळे भजे खात होते. खालिदने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आता गुडघा आइकत नाई," तो म्हणाला. "हा शेवटचा."

मग सगळ्यांनी एजाजकडे पाहिलं. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. किटला कुठे जायचंच नव्हतं. एका भावाकडून दुसऱ्याकडे, त्याच खोलीत. एजाज म्हणाला, "टी-शर्ट निळे करू." पोरांनी माना हलवल्या. किशन भज्याचा चुरा गोळा करत राहिला. खालिद गल्ल्यावर गेला आणि बराच वेळ तिकडेच उभा राहिला.

थंडी सुरू झाली. रजईचा सीझन लागला. एका सकाळी गजेंद्र वांगी तोडत होता, तर बांधावर खालिदची मोटरसायकल आली. मागे किट आडवी बांधलेली.

"गजू, किट तुह्या घरी राहू दे," खालिद म्हणाला. "दुकानात पाय ठेवाले जागा नाई."

"राहू द्या ना. किती दिवस?"

"राहू दे." खालिदने वांग्यांकडे पाहिलं. "वांगे मस्त आले या साली." आणि तो गेला.

गजेंद्रने किट कांद्याच्या खोलीत ठेवली. उंदीर लागू नयेत म्हणून खाली दोन विटा टाकल्या. शब्दांचे अर्थ लावण्यात त्याने दोन वर्षं घालवली होती. त्या सकाळी त्याने फक्त शब्द ऐकले.

दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात एकजण म्हणाला, "कप्तान, सांबार कसा लावला?" गजेंद्र हसला. मग दुसरा म्हणाला. मग शेजारी बसणाऱ्या भुरीबाईने तराजू खाली ठेवला.

"काय बाप्पा, पेढे कवा?"

"कायचे पेढे, भुरीबाई?"

"घ्या! सारं गाव म्हनते, किट गेली तुह्या घरी. अन् हा इचारते कायचे."

सांबाराची जुडी गजेंद्रच्या हातात होती. ती तशीच राहिली. गिऱ्हाईक समोर हात पुढे करून उभं होतं, तेही त्याला दिसलं नाही. त्याला दिसलं ते खालिदचं वांग्यांकडे पाहणं. राहू दे, तो म्हणाला होता. किती दिवस ते म्हणालाच नव्हता.

तेवढ्यात एजाज आला. एजाजने आयुष्यात भाजी घेतली नव्हती.

"मुबारक हो, मास्तर."

"एजाज, तसं नाई गड्या. जागा नव्हती म्हून ठेवली फक्त."

"जागा?" एजाज हसला, पण डोळे हसले नाहीत. "दर साली रजईच्या सीझनात किट घरातच राह्यली. छातीवर घेऊन झोपलो आमी, पण घरात राह्यली. याच साली जागा सरली? तू एम्मे झाला नं बे? का नुसता फोटो काढून आणला?"

"मले खरंच नाई माईत."

"मले माईत हाय नं. घरात माह्याशी एक शब्द नाई. किट गेली हे मले पोट्टे सांगून राह्यले." तो भुरीबाईकडे वळला. "मावशी, पाव किलो मिरची दे. तिखट."

गजेंद्र दुकान भुरीबाईच्या भरवशावर टाकून घरी गेला. किट काढली, गाडीला बांधली आणि थेट रहमतुल्लाच्या दुकानासमोर नेऊन उतरवली. भावाभावांत आपल्यामुळे वितुष्ट यायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. खालिद गिऱ्हाइकाकडे गाद्या पोचवायला गेला होता. अमीनाबी बाहेर आली आणि तिने बॅगला दोन्ही हात घातले.

"आली बाप्पा घरची वस्तू घरी. खालिदची अक्कल कोठी चराले गेल्ती कोन जाने. तू शहाना पोट्टा हायस, गजू बेटा. बस, चहा घे."

रहमतुल्लाचाचा दारातल्या बाजेवर बसलेले होते. कापसाच्या धुळीने त्यांची छाती कधीचीच धरलेली. ते म्हणाले, "सोच के लाया क्या, बेटा?"

गजेंद्रने चहा घेतला आणि तो निघाला. त्याने किट परत आणली होती. पण गावाच्या हिशेबाने त्याने कप्तानी एजाजला दिली होती. हे त्याला परतीच्या वाटेवर कळलं.

एजाजला लगेच कळलं. दुपारी टीमच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. 'रविवारी सहा वाजता प्रॅक्टिस. उशिरा येणाऱ्यांनी येऊच नये.' खाली निळ्या टी-शर्टचा फोटो. थोड्या वेळाने किशनने ग्रुप सोडला. मग तांड्यावरच्याच दुसऱ्या एकाने. मग माळीपुऱ्यातल्या फिरकी गोलंदाजाने. कोणी काही लिहिलं नाही. नुसतं एकेक नाव आणि पुढे, ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी खालिद मळ्यात आला. गुडघा लांब करून बांधावर बसला. बापूराव मेथीच्या वाफ्यात पाणी सोडत होते.

"वापस काहून नेली?" खालिदने विचारलं.

"तुमी म्हणाले जागा नाई. तसं होतं तं सांगितलं काहून नाई?"

"सांगाले काय लागते? किट आणून देल्ली नं."

"खालिदभाई, मले खेळता कोठी येते? एजाज सोडून मले कायले?"

"मले कोठी येत होतं?" खालिद म्हणाला. मग तो बराच वेळ बोलत राहिला. तुटक, जमिनीकडे पाहत. एजाज कप्तान झाला तर उन्हाळ्यापर्यंत टीम राहणार नाही. आणि तो आपल्यालाच विचारेल की पोट्टे गेले कुठे. त्याला सामना दिसतो, माणसं दिसत नाहीत. शिवाय एकाच घरात दोघांकडे किट राहिली की लोक ती त्या घरची समजतात. अम्मी तर आत्ताच समजते. "तुले षटकामागून विचारत होतो नं, काय वाट्टे म्हून? एजाजले एकखेप विचारलं होतं. त्यानं मले बॉलरची चूक सांगितली. तू मले बॉलर थकला म्हणून सांगे."

"हे एजाजले सांगितलं?"

खालिद गुडघा चोळू लागला.

"अम्मीले?"

"तूच सांग नं त्याले, गजू. शिकेल माणूस तू. तुले शब्द सापडतात."

गजेंद्रच्या तोंडाशी हो आलं होतं. खालिदला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. मग त्याला बाजारातला एजाजचा चेहरा आठवला. रागापेक्षा वेगळं काहीतरी होतं त्यावर. घरातली गोष्ट बाहेरून कळल्याचं.

"नाई," तो म्हणाला. "तुमी सांगा. तुमी नाई सांगितलं तं मी किटले हात लावत नाई. जाऊ द्या टीम."

खालिदने त्याच्याकडे पाहिलं. पाहत राहिला.

"अन् मलेबी कोनी इचारजा," वाफ्यातून बापूराव म्हणाले. "हा कप्तान झाला तं वांगे कोन तोडीन?"

दुपारच्या नमाजनंतर खालिद आणि गजेंद्र दुकानात गेले. पिंजण मशीन बंद होती. एजाज खाली बसून रजईचं कापड बेतत होता. अमीनाबी सुईत दोरा ओवत होती. रहमतुल्लाचाचा बाजेवर. घरात चाचा हिंदी बोलत, बाकीचे मिसळून. राग आला की मात्र दोघं भाऊ वऱ्हाडीवरच यायचे.

खालिद एजाजसमोर बसला. त्याने कापडाचं टोक चिमटीत धरलं.

"हे कापड कवा आलं?"

"परवा."

"रंग चांगला हाय."

गजेंद्र दारात उभा होता. तो खाकरला. एजाजने कात्री ठेवली.

"भाईजान, आज माह्यं अक्षर चांगलं हाय का?"

खालिदचा चेहरा उतरला. ती शिवी सख्खा भाऊ आपल्याच तोंडावर मारेल असं त्याला वाटलं नसावं.

"सीधा बोलो," एजाज म्हणाला.

"कप्तान गजू राहीन," खालिद म्हणाला. "तू नाई."

अमीनाबीच्या हातातली सुई थांबली. खालिदच्या कपाळावर थंडीत घाम होता.

"काहून?"

"तू पोट्ट्यायले चारचौघात लाजवतं."

"मी मॅचसाठी बोलतो. घरचं भांडण हाय काय माह्यं कोनाशी?"

"कारंजाच्या मॅचनंतर किशन येणंच बंद झाल्ता. मी रजईचा बहाना करून मानोऱ्याले गेलो अन् त्याले घेऊन आलो. तुह्यामुळं."

एजाज उठून उभा राहिला. "अन् हे मले आज सांगून राह्यले तुमी?"

"हाव."

"मी पंधरा-सोळाचा होतो तवापासून तुमच्या हाताखाली खेळतो. एक दिवस म्हटलं काय, एजाज, हे चुकलं? माह्यं चुकलं की तुमी मागून जाऊन निस्तरून येत. गुपचूप. मले वाटे, मी चुकतच नाई." त्याचा आवाज फाटला. "दुसऱ्याचे पोट्टे सांभाळले तुमी. भावाले नुसतं झाकलं. अन् आता म्हणता, याले जमत नाई. जमीन कसं, भाईजान? कोनी सांगितलं होतं?"

दुकानात कापसाचे कण तरंगत होते. गजेंद्र हादरून गेला होता. खालिदच्या ज्या गुणापायी तो त्याला मानत आला होता, तोच गुण एजाजच्या तोंडून आरोप होऊन बाहेर पडला होता. आणि आरोप खोटा नव्हता.

"लडका सही बोल रहा है," बाजेवरून रहमतुल्लाचाचा म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

खोकला थांबला. मग खालिद म्हणाला, "हाव. माह्यं चुकलं."

एजाज वाट पाहत होता.

"पण कप्तान गजूच राहीन."

अमीनाबी उठली. आतल्या खोलीत गेली. सगळ्यांना वाटलं ती रडायला गेली. डोकावून पाहिलं तर ती किटवर बसली होती. पाय जमिनीला टेकवून, पदर खोचून.

"इतकी सालं मी सांभाळली हे," ती म्हणाली. "घरची कप्तानी बाहेर काढाची हाय? मले उचला मंग आदी. लोक काय म्हनतीन, भावाले भाऊ चालला नाई?"

"लोक म्हणतीन, टीम गावाची हाय," खालिद म्हणाला.

"गावानं वाळवले काय पॅड?"

गजेंद्र म्हणाला, "अम्मी, राहू द्या. किट इथंच—"

"तू चूप बे," एजाज म्हणाला. "एकडाव वापस आणून तमाशा केला तेवढा बस झाला." तो आत गेला. "अम्मी, उठ."

"तुह्यासाठीच बसली नं मी!"

"माह्यासाठी नोको बसू. मले अशी नाई पाह्यजे. उठ."

ती उठली. एजाजने एकट्याने बॅग खांद्यावर घेतली, बाहेर आणली, गजेंद्रच्या गाडीवर आडवी टाकली आणि गादीच्या सुतळीने बांधली. गाठ मारताना त्याने असा झटका दिला की गाडी स्टँडवरून हलली.

"मेसेज टाकू नोको मले," तो म्हणाला. "मी येनार नाई."

घरी ती गाठ सुटेना. गजेंद्रने नखं लावली, दात लावले. बापूरावांनी विळ्याने कापून टाकली.

पुढचे दिवस वाईट गेले. अमीनाबी खालिदशी बोलत नव्हती. त्याचं ताट फरहाभाभी वाढायची. दोन्ही भाऊ एकाच रजईच्या दोन बाजूंना बसून टाके मारत आणि गिऱ्हाइकाशिवाय कोणाशी बोलत नसत. खालिद मैदानाकडे फिरकला नाही. गजेंद्र दोन सामने हरला. किशन परत आला, फिरकीवालाही आला, पण आसेगावकडून हरणं म्हणजे बाजारात आठवडाभर मान खाली. भुरीबाई म्हणाली, "वांगे बरे होते बाप्पा तुह्ये."

मानोऱ्याचा सामना ठरला तेव्हा गजेंद्रने मेसेज टाकला नाही. तो दुकानात गेला आणि एजाजसमोर उभा राहिला.

"रविवारी मानोरा. तू ओपनिंगले हायस."

एजाजने मान वर केली नाही. पलीकडे खालिद मशीनमध्ये कापूस घालत होता. त्यानेही केली नाही.

रविवारी एजाज आला. स्वतःच्या गाडीवर, सगळ्यांच्या नंतर. जुनाच पांढरा टी-शर्ट घालून. कोणाशी न बोलता कव्हरला जाऊन उभा राहिला, आपली ती जागाच आहे तशी. गजेंद्रने हातमोजे घातले. पहिल्या स्लिपला आता दुसराच कोणी होता. तिकडून कोणी काही विचारत नव्हतं.

दहाएक षटकं बरी गेली. मग एक सरळ चेंडू किशनच्या पायांमधून निघून सीमेपार गेला.

"अबे आंधळ्या!" एजाज ओरडला. "खाली वाकाले पैसे लागतात काय?"

मानोऱ्याचे लोक हसले. किशनने चेंडू आणून दिला आणि तो जमिनीकडे पाहत उभा राहिला.

गजेंद्रला क्षणभर वाटलं, पुढचं षटक किशनला द्यावं. खालिदने तेच केलं असतं. सगळं शांत झालं असतं, आणि एजाजला काही कळलं नसतं. त्याने ग्लोव्हज काढले, काखेत धरले आणि स्टंपपासून कव्हरपर्यंत चालत गेला. ते अंतर त्याला फार मोठं वाटलं. सगळे पाहत होते.

"एजाज, त्याले बोलाचं नाई."

"मंग कोनाले बोलू?"

"मले. कप्तान मी हाय."

एजाज जवळ आला. इतका जवळ, की अंपायर दोन पावलं पुढे सरकला.

"तुले बोलू?"

"हाव. बोल."

"मंग आइक. थर्डमॅन कायले ठेवला बे तुनं? एवढ्या संथ विकेटवर तथी काय म्हशी राखून राह्यला तो? मिडविकेट सारी उघडी हाय. तीन चौके तिकडूनच गेले. बॉल किशनच्या पायातून नाई, तुह्या डोक्यातून निंगून राह्यला."

गजेंद्रने वळून पाहिलं. थर्डमॅनवाला खरंच कंबरेवर हात ठेवून कुठेतरी पाहत उभा होता. खालिद नेहमी ठेवायचा म्हणून गजेंद्रने तिथे माणूस ठेवला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. आणि हात वर करून त्याने थर्डमॅनला मिडविकेटला बोलावलं.

एजाजला हे अपेक्षित नव्हतं. तो काहीतरी आणखी बोलणार होता, ते तोंडातच राहिलं. तो मागे फिरला. जाताना किशनजवळ थांबला. माफी वगैरे त्याने मागितली नाही. "पाय जोडून वाक बे," एवढंच म्हणाला, पण हळू.

सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला आणि हातचा गेला. एजाजने सत्तरच्या वर केल्या. परतताना तो गजेंद्रच्या गाडीच्या मागेमागे होता. दुकानासमोर दोघंही थांबले. मशीन चालू होती. खालिदने त्यांना पाहिलं आणि ती बंद केली. किती झाल्या, कोण जिंकलं, काही विचारलं नाही. पण मशीन बंद केली.

एजाज गाडीवरून उतरला. कित्येक दिवसांनी तो भावाकडे तोंड करून बोलला.

"भाईजान, यानं थर्डमॅन ठेवला होता. मानोऱ्याच्या विकेटवर! बारा षटकं!"

खालिदने तोंड उघडलं. तो काहीतरी मऊ बोलणार, दोघांनाही बरं वाटेल असं, हे गजेंद्रला दिसलं. मग त्याने ते गिळलं.

"मले कायले सांगतं?" तो म्हणाला. "कप्तानाले सांग."

"सांगितलं नं."

"मंग?"

"हटवला त्यानं."

खालिदने मान हलवली. "अन् तू? आउट कसा झाला?"

"उचलून मारला. लाँगऑनले."

"कायले उचलला? गरज होती?"

एजाज थबकला. त्याने गजेंद्रकडे पाहिलं, मग भावाकडे.

"नव्हती," तो म्हणाला.

"मंग चुकलं तुह्यं."

"हाव," एजाज म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला.